येथे दळण दळून मिळेल

बेळगाव
रविवार, रात्री साडेनऊ

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "रोज नवीन काय काढतीस गं? सुचतं तरी कुठनं?" मी तोंड उघडलं तोवर आईनं फोन काढून घेतला आणि "जेवलीस का?" सुरू झालं. त्यात बाबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि फोन नेमका डाव्याच कानाला लागतो. म्हणून हे पत्र. आई, मोठ्यानं वाच. त्याआधी गॅस बंद कर.

खरं सांगायचं तर आमच्या कामात बरेच दिवस काही सुचावं लागतच नाही. टिळकवाडीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पाच माणसं, त्यातलं एक अर्धवेळ. सकाळी दवाखान्याचा बोर्ड, दुपारी लग्नपत्रिका, संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि तो "आत्ताच्या आत्ता पाहिजे". गिऱ्हाईक म्हणतं, "लोगो जरा मोठा करा." तुम्हाला म्हणायचे, "पेंटर, मालकाचं नाव जरा ठसठशीत काढा." तुम्ही ते शिडीवरून ऐकायचात, मी खुर्चीत बसून ऐकते.

(पत्रात 'ऐकते', 'सांगते' लिहितेय खरं, पण तोंडात अजून आपलं 'मी येतो', 'मी जातो'च आहे. आमच्यातली पुण्याची मुलगी पहिल्या आठवड्यात हसली होती. परवा घरी निघताना तीच म्हणाली, "चला, मी जातो.")

पण महिन्यातून दोन-तीन कामं अशी येतात की नेहमीचं काही चालत नाही. मग मी खुर्चीतून उठते. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, स्क्रीनवर बघून स्क्रीनवरचंच सुचतं. मोबाईलवर हजार डिझाइनं दिसतात, पण ती बघून जे काढावं ते कुणाचं तरी उष्टं वाटतं. बाहेर फिरून यायला सर कधी नाही म्हणत नाहीत. पगाराचं मात्र विचारू नका.

मार्चमध्ये एका फौंड्रीचा कॅटलॉग आला. मी उद्यमबागेत फोटोग्राफरबरोबर गेले. मला वाटलं होतं, काळी वाळू, ठिणग्या, झालं. पण मी अडकले ती पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रींच्या टेबलापाशी. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करतात, वाळूत त्याचा ठसा घेतात आणि त्या पोकळीत रस ओततात. नमुना मापापेक्षा थोडा मोठा करावा लागतो, कारण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक. त्यासाठी मिस्त्रींकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावरचे इंचच मुळात मोठे! प्रत्येक वेळी हिशेब करायला नको, पट्टीनंच आधी सगळं वाढवून ठेवलेलं. मी ती पट्टी माझ्या पट्टीशेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले. फोटोग्राफर वैतागला.

बाबा, तिथं मला तुमचं सूत दिसलं. पत्र्यावर खडू लावलेल्या दोरीच्या दोन रेघा मारायचात, आणि ठ किंवा ळ काढताना त्याचं पोट खालच्या रेघेच्या थोडं बाहेर सोडायचात. मी पाचवी-सहावीत असेन. म्हटलं होतं, "बाबा, रेघेबाहेर गेलं." तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "जाऊ दे. डोळा आत घेतो." तेव्हा मला वाटलं होतं, चूक झाकायला काहीतरी सांगताय. आता रोज तेच करते. गोल अक्षर चौकोनी अक्षराएवढंच उंच काढलं तर डोळ्याला लहान दिसतं, म्हणून ते थोडं मोठं काढायचं. लोखंड आकसतं तसं गोल अक्षर डोळ्यात आकसतं. त्या कॅटलॉगच्या पहिल्या पानावर मी त्या दोन पट्ट्यांचा शेजारी-शेजारी फोटो टाकला, खाली फक्त कंपनीचं नाव. फौंड्रीचे मालक कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हे आमच्या पोरांना पण कळलं नव्हतं." बिल मात्र दोन महिन्यांनी दिलं.

कन्नड अक्षरांना हा नियम फारच लागतो, कारण ती जवळजवळ सगळी गोल. असं सांगतात की ताडपत्रावर टोकदार लेखणीनं सरळ रेघ ओढली की पान फाटायचं, म्हणून दक्षिणेकडच्या लिप्या वळल्या. आमचा गोकाकचा मुलगा कन्नड बघतो, मी मराठी. आपल्या अक्षरांना डोक्यावर सलग रेघ, त्यांच्या अक्षरांना डोक्यावर छोटा आकडा, त्याला ते 'तलेकट्टू' म्हणतात. तो म्हणतो, "तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यागत." मी म्हणते, तुमची जिलेबीगत. मग आम्ही दोघं काम करतो.

आणि काम आहेच. 2024 मध्ये कायदा दुरुस्त झाल्यापासून दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं. दहा बाय तीनचा बोर्ड म्हणजे तीस चौरस फूट, त्यातले अठरा कन्नडला. उरलेल्या बारात मराठी आणि इंग्रजी. त्यावर कोण काय बोलतं ते बाबा पेपरात वाचतातच. माझ्यासमोर तो बारा फुटांचा प्रश्न असतो. वर कन्नडची ओळ, खाली मराठीची. कन्नड जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं आणि आपल्या मात्रा, वेलांट्या, अनुस्वार वर उभे राहतात. दोन्ही ओळी जवळ आणल्या की मधे मारामारी. लांब ठेवल्या की जागा पुरत नाही. कापडाच्या एका दुकानाच्या पाटीवर मी तीन दिवस घालवले. अक्षरं बारीक करून बघितली, केविलवाणी दिसली.

आई, ते सुटलं तुझ्यामुळं. तू दिवाळीत पाठवलेला डबा माझ्या टेबलावर होता, चिमटे-टाचण्या ठेवायला वापरते. त्या दुपारी उगाच आठवलं, तू करंज्या डब्यात कशा लावतेस. एकीवर एक कधीच नाही. एकीचं पोट दुसरीच्या पोकळीत. त्या डब्यात मावशीच्या वीस करंज्या मावतात, तुझ्या सत्तावीस. मी मराठीची ओळ तशीच उजवीकडं सरकवत नेली. कन्नडची लोंबणारी अक्षरं ठरावीक जागीच येतात. मधल्या रिकाम्या जागांत आपल्या मात्रा बसवल्या. मधलं अंतर निम्म्यावर आलं आणि एकाही अक्षराला कात्री लागली नाही. गोकाकचा मुलगा म्हणाला, "आता भांडत नाहीत." दुकानदाराला यातलं काहीच कळलं नाही, त्याला फक्त वाचता आलं.

सगळंच असं जमतं असं समजू नका. किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या जैन मंदिरात, छताला ते दगडी कमळ आहे ना, 72 पाकळ्यांचं, आपण माझ्या दहावीच्या सुट्टीत बघितलेलं? 1204 सालची बस्ती. मी दोन रविवार मान वर करून ते कागदावर उतरवलं, मान धरली, आणि एका साडीच्या दुकानाच्या पिशवीवर ते घातलं. सर बघून म्हणाले, "छान आहे. भिंतीला लावायचा कागद आहे." बरोबर होतं त्यांचं. कमळ तिथं सुंदर आहे कारण ते दगड असून लोंबतंय. कागदावर सपाट केलं की त्यातलं नेमकं तेवढंच गेलं. ती पिशवी शेवटी वडगावच्या मागावरून निघाली. तिथं एका घरी उभा धागा डाळिंबी आणि आडवा मोरपंखी लावलेला होता, पदर हलला की मधेच तिसरा रंग यायचा. विणकरबाईंनी तुटके धागे मूठभर दिले. मी बारीक उभ्या आणि आडव्या रेघांत दोनच शाया वापरल्या, लांबून तिसरी दिसते. छपाई दोन रंगांची, म्हणून गिऱ्हाईक दुप्पट खूश.

आणि एक मार खाल्लेला पण सांगते, नाहीतर आई म्हणेल पोरगी फारच हुशार झाली. एका शाळेच्या वर्धापनदिनाचा वीस फुटी फ्लेक्स मी घाईत फॉन्टसकट पाठवला, अक्षरांचे कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचं चित्र न करता. फ्लेक्सवाल्याकडं तो फॉन्ट नव्हता. त्याच्या मशीननं जवळचा कुठला तरी लावला आणि रफार एक घर पुढं गेला. ते छापून, दोरीसाठी कडेला कड्या मारून, बांधून झालं तेव्हा दिसलं. चूक माझी. पैसे मी भरले. तुमच्या कमरेला टर्पेंटाइनची चिंधी असायची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पुसून टाकायचात, रंग वाळायच्या आत. माझा फ्लेक्स आता आमच्या घरमालकांच्या जळणावर पावसासाठी घातलाय. रोज जाता-येता वाचते.

ज्या दिवशी काहीच नसतं त्या दिवसासाठी मी एक सवय लावून घेतलीय. रोज एक अक्षर. बघायचं आणि पेन्सिलीनं वहीत काढायचं, फोटो चालत नाही. खडेबाजारात, रविवार पेठेत, शहापुरात अजून हातानं रंगवलेल्या पाट्या आहेत, बहुतेक फ्लेक्सच्या मागं नाहीतर गटाराच्या बाजूला. ट्रकच्या फळक्यावरचं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचं, विडीच्या बंडलावरचं, काहीही चालतं. बाबांच्या ट्रंकेत कमल शेडगेंनी काढलेल्या नाटकांच्या नावांची कात्रणं आहेत ना, तशीच ही माझी वही. दोनशेच्या वर अक्षरं झाली. ज्यावर हात फिरवला ते विसरत नाही; फोटो काढलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

तर आता मुद्द्याचं. मे महिन्यात मी निपाणीला आले होते तेव्हा वळवाच्या वाऱ्यानं गिरणीवरचा फ्लेक्स निम्मा फाटून लोंबत होता. आईला दूध आणायला जाते म्हणून सांगितलं आणि अर्धा तास लावला, आठवतंय? मी तिथं होते. फ्लेक्सच्या खाली तुमचा पत्रा आहे, बाबा. 'येथे दळण दळून मिळेल'. निळ्या अक्षरांना तांबडी शेड, शेड डावीकडं. रंग उडालाय पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. आणि त्यात तीन ळ. पहिला ऐसपैस, मांडी घालून बसलेला. दुसरा त्याच्यासारखाच, जरा सावरलेला. तिसरा बारीक, अंग चोरून उभा. तिन्ही मी काढून घेतले. गिरणीवाल्यांनी विचारलं, "काय लिहालीस?" मी म्हटलं, हिशेब.

मला ते आता लागतात. इथल्या शेतकऱ्यांचा एक गट त्यांच्या तांदळाच्या पिशव्या करून घेतोय, आपला वासाचा बासमती. पिशवीवर मोठं 'बेळगावी तांदूळ'. दोन ळ. फॉन्टात बघावं तर बऱ्याच ठिकाणी ळ म्हणजे नाकावरून घसरलेला चष्मा. हिंदीत तो फारसा लागत नाही, म्हणून करणाऱ्यानं शेवटी उरकलेला असतो. ल आणि श पण हिंदी वळणाचे येतात ते वेगळंच. मी सरांना सांगितलंय, हे नाव हातानं काढू. ते हो म्हणालेत, आणि कुणाच्या हातानं ते मी सांगितलंय. मानधन थोडं आहे, पण आहे. फुकट नको.

हात थरथरतो हे कारण सांगू नका. रेघ मी स्कॅन करून स्वच्छ करेन; मला वळण पाहिजे, ते मनगटातून येतं आणि ते माझ्याकडं नाही. आणखी एक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "निळा एवढा निळा असतो होय? मी इतकी वर्षं पिवळ्या काचेतनं बघत होतो." पिशवीवर निळा आहे. स्क्रीनवर दिसतो तसा निळा छापताना जांभळा पडतो, त्याची मला भीती आहे. शनिवारी तीन नमुने छापून आणते, कुठला निळा ते तुम्ही सांगायचं.

तोवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, चपट्या ब्रशनं, तळहाताएवढे दहा-बारा ळ काढून ठेवा. गुळगुळीत कागद नको, रंग पसरतो. घडी घालू नका, गुंडाळी करा. किंवा असं करा, दोघंही इकडंच या. आईला आधार कार्ड दाखवलं की लाल बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे नाहीत, बाबांचं तेवढं काढायचं. कंडक्टर कन्नडमध्ये बोलला तर आईनं नुसतं 'बेळगावी' म्हणावं, तोही तेच म्हणतो आणि त्यातही ळ आहे.

आणि बाबा, तेवढं मात्र आठवून सांगा. गिरणीवरचा तिसरा ळ मुद्दाम बारीक काढला होता, की पत्रा संपला होता?

तुमची,
धाकटी