मिरजेचा स्वरवारसा पाहुण्यांच्या कानी पडावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून सांगली जिल्ह्याच्या पर्यटनाचा विषय निघाला की सतारमेकर गल्लीचे नाव आवर्जून घेतले जाते. कमान उभारावी, दिशादर्शक फलक लावावेत, चौकात वाद्याचे शिल्प बसवावे, अशा कल्पना त्या ओघात पुढे येतात. त्यांना माझा विरोध नाही. परंतु त्या सगळ्या डोळ्यांसाठी आहेत, आणि मिरजेकडे दाखवण्यापेक्षा ऐकवण्यासारखे कितीतरी अधिक आहे. म्हणून मिरजेत येणाऱ्या पाहुण्यांसाठी स्थानिक ध्वनिप्रसारणाची कायमस्वरूपी सोय व्हावी, आणि आकाशवाणीचे सांगली केंद्र, सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका व राज्याचा पर्यटन विभाग यांनी मिळून ती उभी करावी, ही मागणी मी आपल्या दैनिकामार्फत मांडू इच्छितो.

गल्लीत शिरलेल्या पाहुण्याला आज काय मिळते, ते पाहावे. वाळवलेले भोपळे दिसतात, जे बहुतांशी पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने आलेले असतात. दांडीवरचे नक्षीकाम दिसते, पॉलिशचा वास येतो, चार छायाचित्रे निघतात आणि थोड्याच वेळात पाहुणा पुढच्या ठिकाणाला निघतो. ज्या कामावर तंबोऱ्याचा सारा कस ठरतो, ते जवारीचे काम त्याच्या समोर चाललेले असले तरी त्याच्या लक्षात येत नाही, कारण त्यात पाहण्यासारखे फार थोडे आहे. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा किंचित उतरता घासून तार तिच्यावर अलगद टेकेल असा केला जातो, तारेखालून सुताचा धागा मागेपुढे सरकवत नेमकी जागा शोधली जाते, आणि ती जागा सापडली की एरवी बोथट वाजणारी तार एकदम उघडते. पंचम, दोन जोड आणि खर्ज एवढ्या चारच तारा असूनही त्यांतून चाराहून कितीतरी अधिक स्वर ऐकू येऊ लागतात. कारागीर हे सारे कानाने करतो. रस्त्यावरच्या वाहनांच्या गोंगाटात दारात उभ्या असलेल्या माणसाच्या कानी मात्र यातले काहीच पडत नाही. घोडीजवळ एक चांगला मायक्रोफोन ठेवून तो आवाज पाहुण्याच्या हेडफोनपर्यंत पोहोचवला, तर धागा सरकण्यापूर्वीचा आणि सरकल्यानंतरचा फरक संगीताचा गंध नसलेल्या माणसालाही तत्काळ उमगेल.

हीच गोष्ट गावातल्या इतर स्थळांची आहे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. त्यांच्याकडे इथे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. विनायकराव पटवर्धन आणि हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेतला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मूळचे कैरान्याचे, पण ते मिरजेचे झाले, आणि 1937 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन करण्यात आले. कर्नाटकातून किंवा उत्तरेकडून एखादा रसिक मुद्दाम त्यांच्या कबरीपाशी येतो, हात जोडून उभा राहतो आणि परत जातो. ज्या आवाजासाठी तो एवढ्या लांबून आलेला असतो, त्या आवाजातली चार मिनिटांची एक ध्वनिमुद्रिका त्याला त्या जागी ऐकवण्याची कोणतीही व्यवस्था आपण आजवर केलेली नाही. हे मला मनापासून लागते.

प्रसारण आणि पर्यटन यांची सांगड ही काही आजची कल्पना नाही. ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने 1952 मध्येच असा प्रयोग केला होता. टेपरेकॉर्डरवर वाजणारे निवेदन दालनाभोवती फिरवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून लघुलहरींवर प्रसारित होई, आणि प्रेक्षक हातातल्या छोट्या रेडिओवर, कानाला श्रवणी लावून, ते ऐकत. एका वेळी सगळ्यांना एकच वाक्य ऐकू येत असल्यामुळे सगळे एकाच चित्राकडे वळत, आणि निवेदन वेगवेगळ्या भाषांत उपलब्ध असे. पुढे मागणीनुसार वाजणाऱ्या फिती आल्या, मग मोबाइल आला, आणि प्रत्येक जण आपापले ऐकू लागला. त्यात सोय वाढली हे खरे. तरीही एकत्र ऐकण्यातली गंमत हरवली. संगीताच्या गावात ती परत आणण्यासारखी आहे, असे माझे मत आहे.

तंत्रज्ञान आता त्याला अनुकूल झाले आहे. ब्लूटूथच्या नव्या पिढीत ‘ऑराकास्ट’ नावाची सुविधा 2022 मध्ये पुढे आली. तिच्यात एक छोटा प्रक्षेपक परिसरातल्या कितीही श्रोत्यांना एकाच वेळी आवाज पाठवू शकतो, आणि प्रत्येक हेडफोन त्याच्याशी वेगळा जोडण्याची गरज राहत नाही. ज्यांच्याकडे ही सोय असलेले फोन किंवा हेडफोन नाहीत, आणि आपल्याकडे आज बहुसंख्यांकडे ते नसणार, त्यांना अनामत रक्कम घेऊन छोटे ग्राहकयंत्र देता येईल. मार्गदर्शकाच्या गळ्यात मायक्रोफोन आणि पर्यटकांच्या कानात श्रवणी, अशी बिनतारी संचांची पद्धत परदेशातल्या संग्रहालयांत आणि चर्चमध्ये रुळलेली आहे. ती तुलनेने स्वस्त असून आरंभ तिच्यापासूनही करता येईल. गावभर विखुरलेल्या स्थळांसाठी मात्र आधी उतरवून घेता येणारे आणि त्या जागी पोहोचताच आपोआप सुरू होणारे श्राव्य निवेदन अधिक सोयीचे ठरेल, कारण ते मोबाइलच्या नेटवर्कवर अवलंबून राहत नाही.

फलकावर एक क्यूआर कोड चिकटवून काम संपले, असे मात्र कृपया कोणी समजू नये. असे कोड आपण सर्वत्र पाहतो. ऊन-पावसाने ते पुसट होतात, दुवा उघडला तर एखादे जुने पान समोर येते, आणि आवाज असलाच तर तो फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून येतो. तंबोऱ्याची सारी श्रीमंती त्याच्या सूक्ष्म उपस्वरांत असते, आणि फोनच्या स्पीकरमध्ये सर्वांत आधी हरवतात ते तेच. तंबोरा वाईट ऐकवण्यापेक्षा न ऐकवलेला बरा.

आता प्रश्न उरतो तो काय ऐकवायचे याचा, आणि मला तो यंत्रांपेक्षा मोठा वाटतो. आकाशवाणीचे सांगली केंद्र 1963 पासून या भागाचा आवाज झालेले आहे. इथले गायक, वादक, कीर्तनकार, शाहीर, नाट्यकलावंत यांना त्याने माइकसमोर आणले, आणि निवेदन कसे लिहावे, शब्द कसा उच्चारावा, कुठे थांबावे, याचे शिक्षण तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेले आहे. पर्यटनस्थळांची श्राव्य निवेदने सामान्यतः एखाद्या कंत्राटदाराकडून लिहून घेतली जातात आणि यंत्राच्या आवाजात वाचली जातात, त्यामुळे ती शाळेच्या धड्यासारखी वाटतात. सांगली केंद्राकडे हे काम सोपवले तर आपल्या मातीतल्या आवाजात, आपल्या बोलीची लय राखून ते होईल. कृष्णाकाठची मराठी आणि शेजारची कन्नड या दोन्ही भाषांत निवेदन हवेच; मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या पाहुण्यांत बेळगाव, हुबळी, धारवाडकडून येणारे पुष्कळ असतात आणि त्यांचे हिंदुस्थानी संगीताशी असलेले नाते आपल्याइतकेच जुने आहे. हिंदी आणि इंग्रजी त्यानंतर यावी.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या हक्कांची अडचण सांगितली जाईल, म्हणून त्याबद्दलही लिहितो. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. अब्दुल करीम खाँ यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांचा हा काळ केव्हाच उलटून गेलेला आहे. नंतरच्या काळातल्या कलावंतांच्या बाबतीत मात्र त्यांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घेतली पाहिजे, योग्य मानधन दिले पाहिजे, आणि निवेदनात त्यांचे नाव स्पष्टपणे घेतले गेले पाहिजे.

कारागिरांच्या बाबतीत तर हा आग्रह अधिकच धरला पाहिजे. त्यांच्या कामाचा आवाज प्रसारित करायचा तर तो त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या संमतीने आणि मोबदला देऊन. दिवसभर पाहुण्यांची रांग दारात उभी राहिली तर जवारी लावायची कधी? थेट प्रसारणाचा इथे खरा उपयोग होतो. आठवड्यातल्या ठरावीक वेळी एका कारखान्यातून तासाभराचे प्रसारण झाले, तर कारागिराभोवती दाटी न करता पन्नास माणसे शेजारच्या सभागृहात किंवा मोकळ्या पटांगणात बसून ते ऐकू शकतील, मध्ये प्रश्न विचारू शकतील, आणि आकाशवाणीने ते उचलून धरले तर जिल्ह्यातल्या घराघरांतही ते पोहोचेल. मुंबई-पुण्याकडचा श्रोता असे प्रसारण ऐकून मिरजेला येण्याचा बेत करील, हा लाभ वेगळाच.

दर्ग्यात आणि मंदिरांत कोणत्याही परिस्थितीत कर्णे लावू नयेत. उरुसातील अब्दुल करीम खाँ स्मृती संगीत सभा आणि अंबाबाई मंदिरातला नवरात्र संगीत महोत्सव यांनी मिरजेत ऐकण्याची एक शिस्त घडवली आहे. आपल्याकडे सार्वजनिक आवाजाचा त्रास आधीच कमी नाही. त्यात पर्यटनाच्या नावाने आणखी भर पडली तर लोक या योजनेवर चिडतील, आणि ते योग्यच होईल. जे ऐकवायचे ते कानातल्या श्रवणीतच राहावे, नमाज आणि आरतीच्या वेळी प्रसारण पूर्ण बंद असावे, आणि काय ऐकवावे याचा निर्णय त्या त्या देवस्थानाच्या व दर्ग्याच्या विश्वस्तांना विचारूनच व्हावा. दृष्टिहीन पाहुण्यांना मात्र या सोयीचा सर्वाधिक लाभ होईल. वाद्याचा आकार, दर्ग्याची मांडणी, पायऱ्या कुठे आहेत, हे सांगणारे वेगळे श्राव्य वर्णन पहिल्या दिवसापासून असावे. मागाहून जोडू म्हटलेली अशी सोय सहसा जोडली जात नाही.

एवढे सगळे चालवणार कोण, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला 2008 पासून माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ चालतो आहे, आणि आपल्याच जत तालुक्यात जालिहाळ येथे येरळावाणी आहे. दुष्काळी भागातल्या माणसांनी माइक हाती घेऊन, शेती, आरोग्य आणि लोकगीते यांचे कार्यक्रम स्वतः तयार करून दाखवले आहेत. मग सांगली-मिरजेतल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हे का जमू नये? संगीत आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना आकाशवाणीच्या निवृत्त निवेदकांनी आणि तंत्रज्ञांनी शिकवावे, ग्राहकयंत्रांची देवघेव व दुरुस्ती स्थानिक तरुणांकडे द्यावी, आणि अनामत व माफक शुल्कातून रोजचा खर्च निघावा. सुरुवातीच्या यंत्रसामग्रीसाठी लागणारा निधी एका मोठ्या कमानीच्या खर्चापेक्षा जास्त असेल असे मला वाटत नाही.

मिरजेत हे जमले तर सांगली फार दूर नाही. विष्णुदास भावे यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, आणि त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. त्या दिवशी भावे पदकाचा सोहळा होतो, वर्तमानपत्रांत लेख येतात. वर्षाचे उरलेले दिवस मात्र सांगलीत आलेल्या पाहुण्याला गणपती मंदिर आणि कृष्णेचा घाट पाहताना आपण मराठी नाटकाच्या जन्मगावी उभे आहोत, याचा पत्ताही लागत नाही. सूत्रधार, विदूषक, झांजा, पडद्यामागून येणारे पद, हे सारे ऐकवण्याजोगे आहे आणि ते सादर करू शकणारे कलावंत आजही सांगलीत आहेत.

प्रशासनाने एकदम मोठा आराखडा हाती घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. सतारमेकर गल्लीतील एक कारखाना आणि मीरासाहेब दर्ग्याचे आवार एवढी दोनच स्थळे निवडावीत, पन्नासेक ग्राहकयंत्रे घ्यावीत, मराठी व कन्नड निवेदन सांगली केंद्राकडून करून घ्यावे, आणि येत्या उरुसातील संगीत सभेपूर्वी ही सोय सुरू करावी. सभेला देशभरातून येणारे गायक-वादक हीच त्या ध्वनीची पहिली आणि सर्वांत कठोर परीक्षा ठरेल. ते ज्या त्रुटी दाखवतील त्या दुरुस्त करून मगच पुढच्या स्थळांचा विचार व्हावा. जिल्हाधिकाऱ्यांनी आकाशवाणी, महापालिका, वाद्यकारागीर आणि दर्ग्याचे विश्वस्त यांची एकत्र बैठक बोलावल्यास त्यांना माझ्यासारखे अनेक संगीतप्रेमी नागरिक आपला वेळ आणि आपल्याजवळच्या जुन्या ध्वनिमुद्रिका विनामूल्य द्यायला तयार होतील.

आपला विश्वासू,
एक वाचक,
मिरज, जि. सांगली