मेंटॅलिझमच्या शोमधे रडवा हो, पण गेलेल्या माणसाला मधे आणू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या मेंटॅलिझम शोची (मनातलं ओळखून दाखवायचा खेळ) बातमी तुमच्या पेपरात वाचली, "प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी" असं हेडिंग, फोटो पण झकास आलाय. पाणी आलं होतं हे खरंच, मी हॉलमधेच होतो, पण ते दोनदा आलं आणि त्या दोन वेळांमधे जमीन-अस्मानाचा फरक होता, बातमीत तो कुठेच नाही म्हणून हे पत्र.

पहिला आयटम शाळेतल्या बाईंचा. मधल्या रांगेतल्या एका काकूंना स्टेजवर बोलावलं आणि सांगितलं, तुमच्या सगळ्यात आवडत्या बाई आठवा. नाव ओळखायची घाईच नाही कलाकाराला. तुम्ही खिडकीशी बसायचात की दाराशी, बाई फळ्यावर लिहिताना पदर कसा खोचायच्या, हाक नावाने मारायच्या की आडनावाने... काकू सांगत गेल्या आणि तोवर अख्खा हॉल आपापल्या वर्गात जाऊन बसला, माझ्या शेजारचे गृहस्थ तर स्वतःशीच हसत होते. मग त्याने पॅडवर एकेक अक्षर लिहिलं, शेवटचं आधी, आणि पॅड आमच्याकडे वळवला. काकू आधी हसल्या, मग त्यांना रडू आलं, मग परत हसल्या. टाळ्या पडल्या त्या त्याच्या हुशारीला कमी आणि काकूंच्या चेहऱ्याला जास्त. याला म्हणतात काम! ट्रिक काय असेल ती असो (थोडंफार कळतं मला, पण कोणाच्या पोटावर पाय कशाला), नुसतं फटकन नाव सांगितलं असतं तर आपण "अरे वा" म्हणून कचोरी खायला बाहेर पडलो असतो.

म्हणजे भावनेला हात घालू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. जादूगार पी. सी. सरकारांनी १९५६ साली बीबीसीवर लाइव्ह एका मुलीला करवतीने कापायचा खेळ केला, ती उठून उभी राहायच्या आत प्रोग्राम संपला आणि मुलगी खरंच गेली असं वाटून लोकांनी फोन करकरून लाइनी जाम केल्या. लोक घाबरले, पण नंतर मुलगी ठणठणीत आहे हे कळलं आणि विषय संपला, कोणाच्या घरी त्याचं ओझं गेलं नाही.

आता दुसरा आयटम. लाइट निळे, मागे व्हायोलिन, आणि साठीच्या एका काकांना उभं केलं. "तुमचा भाऊ इथे आहे. त्याला छातीत त्रास होत होता. एक गोष्ट बोलायची राहून गेली असं तो म्हणतोय. काळजी करू नका म्हणतोय." काका जागेवरच कोसळल्यासारखे बसले. आता बघा, शेवटी छातीत त्रास आणि काहीतरी बोलायचं राहून जाणं, हे कोणाच्या घरी नाही झालं हो? अमेरिकेत फोरर नावाच्या एका मानसशास्त्राच्या प्रोफेसरांनी १९४८ मधे आपल्या ३९ विद्यार्थ्यांना "हे खास तुमचं व्यक्तिमत्त्व" म्हणून एकेक कागद दिला, तर ते किती जुळतं याला पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले, आणि कागद सगळ्यांना एकच होता, वाक्यं उचललेली भविष्याच्या पुस्तकातनं. वर तिकीट बुक करताना आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉर्म आला होता, त्यात "तुम्हाला सगळ्यात जास्त आठवण कोणाची येते" हा प्रश्न होताच. बाकी तुम्ही समजून घ्या.

आणि तो भाऊ बोलत होता काय, तर टीव्हीवरच्या सारखी गुळगुळीत हिंदी! काका मराठी, भाऊ मराठी, जन्म गेला इंदुरात. मला जादूगार हुडिनी आठवला. १९२२ मधे शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलच्या बायकोने हुडिनीच्या गेलेल्या आईचं म्हणून लांबलचक पत्र लिहून दिलं, इंग्रजीत, वरती क्रॉस काढून. आई ज्यू धर्मगुरूची बायको, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. आईवर त्याचा इतका जीव होता, तरी तो त्या पत्राला फसला नाही, पुढे तर असल्या लोकांच्या हात धुवून मागे लागला. विशेष म्हणजे तरुणपणी पोटासाठी त्याने स्वतः हेच खेळ केले होते, लोक ते खरं धरून बसतात हे लक्षात आल्यावर सोडले.

कोणी म्हणेल, इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला आपण रुमाल घेऊन बसतोच की, मग इथेच काय बिघडलं? बिघडलं ते असं. नाटकात मेलेला बाप पडदा पडल्यावर नमस्काराला येतो. इथे शो संपल्यावर बाहेर सेल्फी चालू होते, आणि ते काका गर्दीतनं वाट काढत त्या कलाकारापर्यंत गेले आणि विचारत होते, "अजून काही म्हणाला का तो?" त्याने खांद्यावर हात ठेवला आणि कार्ड दिलं. हा सगळा खेळ होता हे एक वाक्य तिथे बोलायला काय हरकत होती? डेरेन ब्राऊनसारखा इंग्लंडचा एवढा मोठा मेंटॅलिस्ट उघड सांगतो की मी जादू, सजेशन, मानसशास्त्र, लक्ष दुसरीकडे वळवणं आणि शोमनशिप यांची मिसळ करतो, तरी त्याचे हॉल भरतातच.

आयोजक मंडळींना एवढंच सांगणं, कलाकाराशी आधी बोलून घ्या. शाळा, पहिली सायकल, लहानपणीची मैत्रीण, यावर काय हवं ते करा, पण वारलेल्या माणसांचे निरोप स्टेजवर नकोत. आणि संपादक साहेब, तुमच्या बातमीत त्याला "अलौकिक शक्तीचा धनी" म्हणलंय आणि खाली "पर्सनल सिटिंगसाठी संपर्क" म्हणून मोबाइल नंबर पण छापलाय. मेहनती कलाकार आहे, तसंच लिहा, आणि तो नंबर तेवढा पुढच्या वेळी काढून टाका.

आपला,
एक नियमित वाचक
रामबाग, इंदूर