चि. रेवास: लेहला जायच्या आधी हिमालयन कशी खोलायची

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

तुझी कामांची यादी वाचली. पिस्टन, रिंगा, बोअर, हेड हे सगळं वर आहे आणि बेअरिंगं अगदी तळाला, एका ओळीत. ही यादी उलटी कर. २०१८ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन मोटारसायकल, ५८,००० किलोमीटर, आधीच्या मालकिणीने तीन पावसाळे कोकणात फिरवलेली. अशा गाडीत पाणी कुठे शिरलं असेल ते आधी बघायचं असतं. ४११ सीसीचं हे इंजिन साडेचोवीस बीएचपी देतं, म्हणजे आकाराच्या मानाने त्याच्यावर ताण कमी. वेळेवर ऑइल मिळालं असेल तर ते एवढ्यात दमत नाही.

तरीही अंदाजाने सोडू नकोस. ५०० किलोमीटरमध्ये ऑइल किती कमी होतं ते मोज. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन लगेच थांबत असेल तर वॉल्व्ह सील गेले आहेत. चढावर ॲक्सिलरेटर पिळल्यावर धूर येत असेल तर रिंगा बघायला हव्यात. मग प्लग काढून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोड आणि कान लाव. गाडी गिअरमध्ये ठेव आणि मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांग, नाहीतर हवेच्या जोराने क्रँक फिरेल. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा. थोडी हवा क्रँककेसमध्ये जातेच, तिला घाबरू नकोस. तिन्हीकडे शांत असेल तर इंजिन खोलू नकोस. चांगलं बसलेलं इंजिन उगाच खोललं तर नवा गॅस्केट, नवं सीलंट आणि नव्या चुका आपणच त्यात घालतो.

टॅपेट मात्र कर, म्हणजे वॉल्व्हवरची फट मोजून जुळव, इंजिन पूर्ण थंड असताना. गॅप मॅन्युअलमध्ये दिलाय तोच ठेव, गॅरेजमधल्या कुणाच्या आठवणीवर जाऊ नकोस. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट घट्ट करणारे पुष्कळ भेटतील. एक्झॉस्ट वॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर टेकलेला असतानाच सोडतो. गॅप संपला की तो नीट टेकत नाही आणि लांब चढावर जळतो. टॅपेटची हलकी टिकटिक असली तरी चालेल.

आता बेअरिंगांकडे ये. गाडी मेन स्टँडवर घे, पुढचं चाक उचललं जाईल असं कर आणि हँडल एका बोटाने सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. मध्ये सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत अडकल्यासारखं थांबलं, तर रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या कड्यावर, गोळ्यांचे वण उमटलेत. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून खड्ड्यांचा मार एकाच जागी बसतो. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढ. ठकठक लागली तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, सैल आहे. वण पडलेला कोन सेट घट्ट करून सुधारत नाही, उलट गाडी जास्तच डुलते. त्याजागी टेपर रोलर बेअरिंग बसव. टेपरमध्ये भार गोळीच्या टोकावर न येता रोलरच्या पूर्ण लांबीवर पसरतो. नव्या रेस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव म्हणजे किंचित आकसतात. नवी रेस ठोकताना जुनी रेस वर ठेव, म्हणजे हातोडीचा मार नव्या रेसला थेट लागणार नाही. रेस तळाला टेकली की आवाज बदलतो, तो ऐक. वॉटरप्रूफ ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यात दाबत राहा, रोलरांच्या मधून ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलं पाहिजे. वरून फासलेलं ग्रीस काहीच करत नाही.

चाकांच्या बेअरिंगवरचा नंबर वाचून तसंच आण, पण शेवटी २आरएस असायला हवं. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. धूळ अडते, पाणी नाही. मनाली-लेह रस्त्यावर बारालाचा खिंड आणि सरचूच्या आसपास बर्फ वितळून दुपारनंतर नाले चढतात, हब पाण्यात बुडतं. गरम हब गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. बेअरिंग ठोकताना मार बाहेरच्या कड्यावरच पडू दे. दोन बेअरिंगांमधली स्पेसर नळी विसरलीस तर एक्सल घट्ट करताच बेअरिंग चेपेल, आणि ते दोनशे किलोमीटरवर कळेल.

स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) आणि मोनोशॉकची (मागच्या एकुलत्या शॉकची) लिंकेज पूर्ण काढ. कोकणातल्या गाडीत बोल्ट बुशमध्ये गंजून धरलेला असतो. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर सोड, ठोकायची वेळ आली तर नट टोकाला लावून ठेव म्हणजे आटे मार खाणार नाहीत. नीडल रोलर डिझेलने धू. कॉलरवर नखाला लागतील असे गंजाचे खड्डे असतील तर कॉलर आणि बेअरिंग दोन्ही बदल, एकटं नवं बेअरिंग त्या खड्ड्यांवर पुन्हा खराब होतं.

शॉक बाहेर आहे तोवरच चेनचं काम उरकून घे, ही संधी पुन्हा मिळत नाही. पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. शॉक नसताना स्विंगआर्म हाताने उचलून ती रेषा साध आणि तिथे चेनला थोडी ढील ठेव. मग गाडी स्टँडवर असताना ढील किती दिसते ते मोज आणि टाकीखाली लिहून ठेव. सामान लादलेल्या गाडीची चेन सपाट रस्त्याच्या हिशेबाने ताणली तर मोठ्या खड्ड्यात ती गिअरबॉक्सचं पुढच्या स्प्रॉकेटजवळचं बेअरिंग ओढते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं, तिन्ही मिळूनच बदल. मूळ १५ आणि ३८ दात आहेत. पुढचं १४ दातांचं स्प्रॉकेट सोबत घे आणि मनालीला लाव. सुमारे ७ टक्के फरक पडतो. तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याजवळ येतो आणि ताकदही तशीच घटते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळतं, गेलेली हवा परत आणत नाही. मग माणूस हाफ क्लचवर चढतो आणि क्लच जाळतो. छोटं स्प्रॉकेट त्यासाठीच हवं.

क्लच याच कारणाने आत्ता उघड. फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्निअरने मोज आणि मॅन्युअलशी ताड. स्टील प्लेट काचेवर ठेवून फीलर गेजने वाक तपास, निळी पडलेली असेल तर सरळ बदल. नव्या प्लेटा बसवण्याआधी काही तास इंजिन ऑइलमध्ये बुडव. ऑइल जेएएसओ एमए२ चंच, म्हणजे ऑइलात बुडालेल्या बाइकच्या क्लचसाठी ठरवलेलं. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असू शकतात, क्लच घसरतो. दुसरी क्लच केबल आत्ताच जुनीच्या शेजारून ओवून टेपने बांध. सरचूच्या थंडीत टाकी उघडायला नको.

फोर्क पाईप काचेवर लोळवून सरळ आहे का बघ. क्रोमवरचा वण नखाला अडकला तर नवा ऑइल सीलही महिन्यात फाटेल. ऑइल दोन्ही बाजूंना पातळी मोजून सारखं भर. मागच्या चाकाच्या १८० मिमी हालचालीपैकी साधारण तिसरा भाग तुझ्या आणि सामानाच्या वजनाने बसावा.

ब्रेक फ्लुइड डॉट ४, पूर्ण नवं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि उतारावर तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन लिव्हर रिकामा लागतो. कॅलिपरच्या स्लाइड पिन काढून सिलिकॉन ग्रीस लाव. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती वाच.

वायरिंगला एक अख्खा रविवार दे. या गाडीला किक नाही, बॅटरी पडली तर ढकलणं आलं, आणि त्या उंचीवर तुझ्या छातीत तेवढा दम नसेल. इंजिन साधारण ३,५०० आरपीएमवर असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असेल तर रेग्युलेटर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर उघड, जळलेली पिन बहुधा तिथेच सापडते. हँडलच्या मानेजवळची वायर दोन्ही टोकांना हँडल वळवून बघ, ती ताणली जाता कामा नये. साइड स्टँडचा स्विच चिखलाने अडकला की इंजिन बंद पडतं, तो काढून साफ कर.

टाकी १५ लिटरची आहे. टांडीच्या पंपानंतर तीनशेहून जास्त किलोमीटर पंपाचा भरवसा नाही. सपाटीवर ३० चं ॲव्हरेज असलं तरी खालच्या गिअरमध्ये ते राहत नाही, म्हणून ५ लिटरचा कॅन घेच.

हे सगळं मेच्या पहिल्या आठवड्यात संपव. मग प्रवासाचं पूर्ण सामान लादून पुणे, महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने पोलादपूर, चिपळूण, कुंभार्ली घाटाने कराड आणि परत. दोन फेऱ्यांत जवळपास हजार किलोमीटर होतील. नट टॉर्क पान्याने आवळल्यावर त्यांच्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मार, फेरीनंतर रेघ सरकलेली दिसली तर तो नट सैल होतोय. ५०० किलोमीटरला कोन सेट पुन्हा तपास, नवं बेअरिंग तोवर थोडं बसतं. स्पोकही तेव्हाच पान्याने वाजवून ऐक. टण्ण न वाजता जो धप्प वाजेल तो ढिला.

कोन सेटच्या खालच्या रेसला एकटी हात लावू नकोस, टी-स्टेमवरून (फोर्क धरणाऱ्या दांड्यावरून) ती उतरवताना छिन्नी सटकून हात कापला जातो. तेवढ्यासाठी शनिवारी मी येते. तू तोवर पुढचं चाक आणि फोर्क उतरवून ठेव, आणि नव्या रेस शुक्रवारी रात्री फ्रीझरमध्ये टाक. पिशवीत घालून, मटारपासून लांब.

तुझी,
आई