सदू, मी फोनवर ‘हो’ म्हणालो

डिचोली
14 नोव्हेंबर

प्रिय सदू,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन चार वेळा हातात घेतला आणि खाली ठेवला. फोनवर तू मधेच बोलतोस, आणि हे मला एका दमात सांगायचं आहे. हंगेरीतल्या सायकलफेरीवरून परत आल्यापासून तुझ्या मेसेजना नुसते अंगठे पाठवले. तू रागावला असणार. रागाव, पण आधी वाच.

तब्येत ठीक. साखर ताब्यात. सुमनची कंबर अधूनमधून. झालं.

फोटो तू पाहिलेस. काकी पडल्या आणि तुझं माझ्याबरोबर येणं रद्द झालं, त्यावर मी तेव्हा जे बोललो ते बोलायला नको होतं. ‘तुझं नेहमीचंच’ हे शब्द सहा दिवस माझ्या कॅरिअरवर बसून होते. पूर्वा व्हिएन्नाहून दोन दिवसांसाठी आली, बालातोनफ्युरेदला भाड्याच्या सायकली बघून दिल्या, आणि गेली. पुढचं सगळं एकट्याने. त्या गावात 1926 साली रवींद्रनाथ हृदयाच्या दुखण्यावर उपचाराला राहिले होते. तळ्याकाठच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, त्यांनी लावलेलं झाड आहे. त्या झाडाला सायकल टेकवून मी हवा तपासली. मागच्या चाकात कमी होती. तू असतास तर म्हणाला असतास, आधी बघायची असते.

बालातोन तळं नकाशात दिसतं त्याहून फार मोठं आहे रे. लांबी सत्त्याहत्तर किलोमीटर. पण खोली सरासरी तीन-साडेतीन मीटर. दक्षिणेच्या काठावर माणसं आत चालतच राहतात, पाणी कमरेच्या वर येत नाही. पूर्ण वळसा साधारण दोनशे किलोमीटरचा. मी तो अख्खा केला नाही. तिहान्यच्या टोकावरून फेरीबोटीने दक्षिणेला उतरलो, पश्चिमेकडून फिरून उत्तरेच्या डोंगरांत आलो.

फेरीबोट! सदू, आपली रायबंदर-चोडणचीच. पुढचा पत्रा साखळ्यांवर खाली येतो, ओल्या सिमेंटवर घासतो, खर्र्र. तो आवाज झाला आणि माझा डावा पाय आपोआप पेडलवर गेला. पत्रा टेकायच्या आधी तू सायकलसकट उडी मारायचास आणि तो खलाशी तुझ्या सात पिढ्या काढायचा, आठवतं? तिथे माझ्या मागे एक आजी होती, बास्केटमध्ये कुत्रं घेऊन. ती थांबली, मीही थांबलो. आपल्याकडे सायकल फुकट, तिथे सायकलचंही तिकीट फाडतात.

दक्षिणेचा काठ सपाट. चांगला आहे, पण तुला कंटाळा आला असता. दुपारी लांगोश खायचा, म्हणजे तळलेली मोठी भाकरीएवढी पुरी, वर लसूण, आंबट साय आणि चीज. दोन खाल्ले की पुढचे दहा किलोमीटर जड जातात. पण फोन्योदला पोचलो आणि समोर, पाण्यापलीकडे, डोंगर उभे. माथे सपाट, जणू कोणी करवतीने कापलेत. मी थांबलोच. सदू, ते तुझे नाशिकचे डोंगर आहेत. अंजनेरी, ब्रह्मगिरी. तोच काळा दगड. फक्त तुझा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हा समोरचा बादाचोन्य डोंगर पस्तीस-चाळीस लाखांचा, म्हणजे कालचं पोर.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डोंगर सांगितल्याशिवाय ती कळणार नाही.

तिथे या डोंगरांना साक्षीदार डोंगर म्हणतात. पूर्वी तो सगळा मुलूख उंच होता, वाळूचा आणि मातीचा. त्यातून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग लाखो वर्षं वारा-पाऊस मऊ माती उचलून नेत राहिले. जिथे डोक्यावर काळ्या दगडाचं झाकण होतं तेवढीच माती टिकली. म्हणून ते साक्षीदार. जमीन एके काळी किती उंचीवर होती ते सांगायला मागे उरलेले. वर कड्यात दगडाचे खांब शेजारी शेजारी उभे, देवळातल्या समयांसारखे. आणि खाली, उतारावर, तळ्यापर्यंत द्राक्षं. काळी माती ऊन धरून ठेवते, आणि तिथले लोक म्हणतात की ज्या वेलीला तळ्यात स्वतःचं रूप दिसतं तिचीच वाईन चांगली.

तोडणी चालू होती. एका म्हाताऱ्याने मला हात केला. इंग्रजी वीस-पंचवीस शब्दांचं. त्याने एक घड उचलला आणि देठ दाखवला. देठाला निळसर झाक. केकन्येल्यू, म्हणजे निळ्या देठाचं. मग मला दोन ओळी सोडून पलीकडे नेलं आणि दुसरा वेल दाखवला, हिरवा, साधा. दोन बोटं एकमेकांना घासून म्हणाला, हिच्याशिवाय ती नाही. मला वाटलं वाईनमध्ये मिसळतात. तसं नाही. निळ्या देठाच्या वेलीचं फूल नुसतं मादी. शेजारी दुसऱ्या जातीचा वेल फुलला नाही तर तिला घडच धरत नाही. म्हणून एवढं कटकटीचं झाड लोकांनी सोडून दिलं, ते जवळजवळ संपलं होतं. त्याच्याकडे पाचच ओळी होत्या. त्याने मला चार मणी दिले. गोड कमी, आंबट जास्त. मी बिया खिशात ठेवल्या, तुला द्यायला. पॅन्ट धुतली गेली.

तिथून वर चढत असताना दादाचा फोन आला. तिथे सकाळचे दहा, म्हणजे इकडे दीड. मी कड्याखालच्या वळणावर, एका पायावर टेकलेला. दादा म्हणाला, पार्टी पक्की झाली, भाटाचे, आपल्या काजूच्या बागेचे, अख्खे पैसे एकरकमी देतायत, पण सगळ्यांच्या सह्या हव्यात, तुझी आणि सुमनचीही, महिन्याभरात तोंडी हो सांगायचं आहे. आणि सदू, मी म्हणालो, ‘हो.’

विचार केला नाही. मला सायकल पुढे न्यायची होती. ऊन चढत होतं, वर अजून तीन वळणं होती, आणि दादाचा आवाज थकलेला होता. त्याचं ऑपरेशन, निखिलच्या शिक्षणाचं कर्ज, वसईचा फ्लॅट, सगळं मला माहीत आहे. तो लबाडी करत नाहीये. लबाड असता तर मला किती सोपं झालं असतं! मी हो म्हणालो, फोन खिशात टाकला, आणि चढ एकदाही न उतरता संपवला. वर जाऊन पाणी प्यालो आणि मग हात कापायला लागले.

वरून सगळं दिसतं. तळं, तळ्यातली पांढरी शिडं, मागे आणखी साक्षीदार. त्यांतला एक हालाप नावाचा. त्याचा माथा नाही. दगडासाठी वरून खणून काढला. बादाचोन्यच्या अंगावरही गेल्या शतकात थांबवलेल्या खाणीचा मोठा ओरखडा आहे. मी त्या हालापकडे बघत बसलो आणि मला आपल्या भाटासमोरचा डोंगर दिसत होता. आपण चौथीत होतो तेव्हा तो होता, दहावीत अर्धा होता, 2012 ला खाणी थांबल्या तेव्हा तिथे लाल पाण्याचं तळं होतं. समोरचा गेला, मागे आबांचा राहिला.

आबांचा तो जुना कागद तू बघितला आहेस, पिवळा. पूर्वेस वहाळ, दक्षिणेस देवळाकडे जाणारी वाट. तिहान्यच्या मठाचा 1055 सालचा असाच दानाचा कागद आहे. लॅटिनमध्ये, पण जमिनीच्या हद्दी सांगताना मधेच हंगेरियन शब्द आलेत, त्या भाषेतले सगळ्यांत जुने लिहिलेले. काय आहेत सांगू? ‘फेहेर्वारकडे जाणाऱ्या लष्करी वाटेपर्यंत.’ वाटेचेच शब्द! राजाच्या कारकुनाला लॅटिन येत होतं, पण वाटेला लोक जे म्हणत तेच त्याला लिहावं लागलं. नव्या एक-चौदाच्या, म्हणजे सरकारी जमीन-नोंदीच्या, उताऱ्यात आबांची वाट नाही. नुसता सर्व्हे नंबर.

विकलं तर काय होईल ते तुला मला कोणी सांगायला नको. उतार कापतील, पांढरे बंगले, प्रत्येकाला निळी टाकी पोहायला. खालचा झरा वर्षा-दोन वर्षांत आटेल. त्या झऱ्यावर तू भाड्याची सायकल धुवायचास, चिखल दिसला तर सायकलवाला आठ आणे जास्त घेईल म्हणून. मार्चात बोंडांच्या दोन पाट्या हँडलला लावून आपण कोळंबीपर्यंत, बोंडं तुडवायच्या जागेपर्यंत, न्यायचो, नीरो म्हणजे त्यांचा ताजा रस प्यायचो, आणि शर्टावरचे डाग काकींनी किती वर्षं ऐकवले. काजूची झाडं म्हातारी झालीत, खरं आहे. गेल्या वर्षी फेणीची भाटी लावायलाही माणूस मिळाला नाही, तेही खरं. सुमन म्हणते, सही करून टाका, आपल्यानंतर पूर्वा येणार आहे का राखायला? मला उत्तर देता येत नाही. आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही की मी आधीच हो म्हणून बसलोय. तिला वाटतं माझा विचार चालू आहे.

आबा गेले त्या रात्री तू पायरीवर म्हणाला होतास, ‘विनू, तू एक दिवस सही करशील.’ त्यावरून आपण आठ महिने बोललो नाही. मला राग आला होता कारण तू मला ओळखतोस.

एक मार्ग डोक्यात आहे. वाटणी करून घ्यायची. खालचा, रस्त्याला लागून असलेला भाग दादाचा, तो त्याने विकावा. वरचा, झऱ्यासकट, माझा. पार्टीला रस्त्याशिवाय काही नको, त्यामुळे खालच्याला भाव राहील, आणि तरीही दादाला कमी पडले तर माझ्या फंडातून भरायचे. पण त्यासाठी दादाला समोर बसवून ‘मी हो म्हणालो ते मागे घेतो’ असं म्हणावं लागेल. आजारी भावाला. आयुष्यात मी दादाला दिलेला शब्द फिरवलेला नाही. हा फिरवावा का, हे मला तुला विचारायचं आहे, दुसऱ्या कोणाला नाही. सुमन माझ्या बाजूने बोलेल, दादा त्याच्या. तू भाटाच्या बाजूने बोलशील.

दादा 6 डिसेंबरला येतोय. तू 4 ला ये. मांडवी एक्सप्रेसची वाट बघू नकोस, रात्रीची बस धर. आपण दोघं पहाटे वर जाऊ, हद्दी पायाने मोजू.

तुझं विचारायचं राहिलंच. काकी आता वॉकर सोडून चालतात का? मुक्ताची नोकरी पक्की झाली म्हणे, पेढे कुठे आहेत? तुझ्या रिटायरमेंटचं पुढे कळव. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षांच्या मळ्यांतून तू रविवारी जातोस ना अजून? जात जा.

तुझी हर्क्युलस माळ्यावरून काढली. मागचा व्हॉल्व्ह गेलाय, चेन मी रॉकेलमध्ये ठेवली आहे. इथे जुन्या मापाची ट्यूब मिळत नाही, येताना दोन घेऊन ये.

तुझा,
विनू

ता.क. 1991 ला अनमोड घाटात ट्रकची साखळी तूच धरली होतीस. मी चढवली होती, सगळी. समोर आल्यावर कबूल कर.