सायकलस्वाराची थंडी स्वेटरने भागत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पौष लागला की आपल्या दैनिकात ग्वाल्हेरचे किमान तापमान रोज ठळक चौकटीत येऊ लागते आणि त्याच्या जोडीला भरपूर गरम कपडे घाला, पहाटे बाहेर पडणे टाळा, असा सल्लाही असतो. सल्ला चुकीचा नाही. मात्र पहाटे बाहेर पडणे टाळणे ज्यांच्या हातात नाही, त्यांना त्याचा उपयोग होत नाही. थंडीची लाट आली की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने शाळा उशिरा भरू लागतात. पण घरोघरी दूध घालणारे, आपलेच दैनिक टाकणारी मुले, शहराच्या लष्कर भागातून मुरार भागात कामाला जाणाऱ्या बायका आणि भिंड रस्त्याने मालनपूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेले कामगार यांची वेळ कोणताही आदेश पुढे ढकलत नाही. जानेवारीच्या पूर्वार्धात येथे सूर्य सातनंतर उगवतो आणि किमान तापमानाची नोंद बहुधा सूर्योदयाच्या आसपासच होते; म्हणजे साडेसहाला सायकल बाहेर काढणारा माणूस दिवसातल्या सर्वांत गार वेळी रस्त्यावर असतो. अशा माणसाला लोकरीची जितकी गरज असते, त्याहून अधिक गरज वारा अडवण्याची असते, आणि नेमके हेच आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

धुक्याच्या दिवशी हवा जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे घरात बसलेल्याला आज वारा नाही असे वाटते. सायकलस्वार मात्र आपला वारा स्वतःच निर्माण करतो. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ साली स्वीकारलेल्या सूत्राने हिशेब केला, तर हवा ५ अंशांवर असताना ताशी १५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला सुमारे २ अंशांइतका गारठा जाणवतो, आणि ताशी ४० किलोमीटरला, म्हणजे स्कूटरच्या वेगाला, तो शून्याच्याही खाली जातो. स्वेटर ऊब धरतो तो त्याच्या विणीत अडकलेल्या हवेमुळे. समोरून येणारा वारा विणीतून आरपार जाऊन तीच हवा बाहेर काढतो, आणि मग एकावर एक दोन स्वेटर चढवूनही छातीत गारठा शिरतो. त्यावर नायलॉनचे साधे विंडचीटर, किंवा पावसाळ्यानंतर कपाटात पडून असलेला रेनकोट चढवला, तर एकच जुना स्वेटर पुरतो. तेही जवळ नसेल तर शर्ट आणि स्वेटर यांच्यामध्ये छातीवर वृत्तपत्राची चार पाने सरकवावीत. टूर द फ्रान्स या शर्यतीतले स्पर्धक आल्प्सचे घाट चढून झाल्यावर उतरणीला लागताना हेच करीत आले आहेत. (शिळ्या अंकाचा हा उपयोग आपल्या जाहिरात विभागाने अवश्य विचारात घ्यावा.)

दुसरा शत्रू घाम. आपल्या घरांत निघताना कुडकुडणाऱ्याला आणखी एक स्वेटर घातल्याखेरीज उंबरा ओलांडू देत नाहीत. त्यामागची माया मला कळते, पण सायकलस्वाराच्या बाबतीत तिचा परिणाम उलटा होतो. पडावाचा पूल चढेपर्यंत तो आतून भिजतो, आणि उतारावर किंवा सिग्नलला थांबल्यावर तीच ओली बनियन अंगाला चिकटून ऊब शोषून घेते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती कापड घाम पिऊन ओलेच राहते; लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते, आणि अलीकडे बाजारात स्वस्तात मिळणारे पॉलिएस्टरचे इनर लवकर वाळतात. तेव्हा निघताना थोडे गार वाटेल इतकेच कपडे घालावेत, चढावर गळ्याची झिप उघडावी, उताराला लागण्यापूर्वी ती बंद करावी आणि कामावर पोहोचल्यावर बदलण्यासाठी एक कोरडी बनियन पिशवीत ठेवावी. माझ्या मते या कोरड्या बनियनीइतका लाभ कोणत्याही महागड्या जर्किनने होत नाही.

हातांकडे तर सर्वांत कमी लक्ष दिले जाते. गारठा वाढला की शरीर हृदय, मेंदू इत्यादी अवयव सांभाळण्यासाठी बोटांचा रक्तपुरवठा आखडते घेते, बोटे बधिर होतात आणि ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. म्हणजे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. लोकरीच्या हातमोज्यांतूनही वारा शिरतोच, म्हणून त्यांवर रेक्झिनचे किंवा चामड्याचे मोजे घालावेत, निदान प्लास्टिकची पिशवी चढवून ती मनगटाशी बांधावी. मनगट आणि मान झाकलेली असली की बोटांनाही त्याचा फायदा मिळतो. मफलरची टोके मात्र स्वेटरच्या आत खोचावीत, कारण लोंबती टोके आणि शालीचे पदर चाकात अडकून माणूस पडल्याच्या घटना आपल्याला नव्या नाहीत. कानटोपी इतकी जाडही नसावी की मागून आलेल्या वाहनाचा भोंगाच ऐकू येऊ नये.

चौकाचौकांत महानगरपालिका शेकोट्या पेटवते, ही सोय चांगली आहे. परंतु बधिर बोटे थेट जाळावर धरल्याने ती सुजतात, लाल होतात आणि पुढे कित्येक दिवस खाजतात. हात आधी काखेत धरून किंवा एकमेकांवर चोळून संवेदना परत आणावी, मग लांबून शेकावे.

वरच्या कपड्याच्या रंगाकडेही लक्ष हवे. दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की हवामान खाते त्याला दाट धुके म्हणते आणि ५० मीटरच्या खाली अतिदाट. ताशी ५० किलोमीटरने येणारा ट्रक ५० मीटरचे अंतर चार सेकंदांच्या आत कापतो. आपल्याकडच्या शाली, कांबळी आणि जर्किने बहुतेक काळी, करडी किंवा तपकिरी असतात. म्हणून वारा अडवणारा वरचा थर पिवळा किंवा भगवा असावा आणि पाठीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी शिवून घ्यावी.

आता मुख्य विनंती. शहरातील अनेक शाळा गणवेशाच्या रंगाखेरीज दुसरा स्वेटर किंवा जर्किन चालू देत नाहीत. गणवेशाचा स्वेटर हा वारा आरपार जाऊ देणाऱ्या विणीचाच असतो, आणि सायकलवर येणारी मुले शिक्षेच्या भीतीने त्यावर काहीच घालत नाहीत. शाळेच्या फाटकापर्यंत कोणत्याही रंगाचे विंडचीटर, टोपी आणि हातमोजे चालतील, एवढी सूचना व्यवस्थापनांनी डिसेंबरपूर्वी वहीत लिहून पाठवावी. त्यात शिस्त बिघडण्यासारखे काही नाही. आणि आपणही, संपादक महोदय, किमान तापमानाच्या चौकटीत सायकलच्या वेगाला ते किती जाणवेल, याचा एक आकडा रोज छापावा, अशी विनंती आहे. हिशेब अवघड नाही आणि त्याला जागाही एका ओळीचीच लागेल.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर