के ९९ अर्ज : १२ ऑक्टोबरच्या आत

मंडळी, अमेरिकेतल्या 'एनआयबीआयबी'कडे, म्हणजे एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या बायोमेडिकल इमेजिंग व बायोइंजिनिअरिंग संस्थेकडे, अर्ज करणाऱ्या पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या) सदस्यांसाठी ही आठवण. के ९९ म्हणजे पोस्टडॉकना स्वतंत्र संशोधक होण्यासाठी मिळणारं अनुदान. त्याच्या नव्या अर्जांची मुदत १२ ऑक्टोबर, आपल्या विद्यापीठाच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत.

टी ३२ आणि एफ ३२ या एनआयएचच्या प्रशिक्षण-अनुदानांसाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. के ९९ ला ती अट नाही. व्हिसावर असणाऱ्यांनी म्हणूनच ही संधी सोडू नये. मात्र पोस्टडॉकचा अनुभव ४ वर्षांपेक्षा जास्त नको.

अर्ज बहुधा अडतो तो शिफारसपत्रांपाशी. किमान ३ पत्रं लागतात आणि ती शिफारस देणाऱ्यांनी स्वतः ईआरए कॉमन्स या एनआयएचच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवायची असतात, तीही त्याच मुदतीत. गेल्या खेपेला आपल्या एका मैत्रिणीच्या युजरनेममधलं एक अक्षर चुकलं आणि पत्र शेवटच्या दुपारपर्यंत अडकून पडलं. तिची ती धावपळ आठवली की अजून वाईट वाटतं. तुमचं कॉमन्सचं युजरनेम, खात्यावरचं आडनाव आणि योजनेचा क्रमांक आजच कॉपी-पेस्ट करून शिफारस देणाऱ्यांना पाठवा.

विद्यापीठाचं अनुदान कार्यालय अर्ज आधीच मागतं. त्यांची तारीख लगेच विचारून घ्या. मसुदा कुणाला वाचून हवा असेल तर ग्रुपवर टाका, आम्ही नक्की वाचू.