माळ्यावरचा पाळणा उतरवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलीला सातवा लागला की माळ्यावरचा पाळणा खाली येतो आणि घरात सुताराची शोधाशोध सुरू होते. मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो. निवृत्तीनंतरही कराडात आणि आसपासच्या गावांत ओळखीची माणसं जुने पाळणे, कठड्याच्या खाटा दाखवायला बोलावतात. ‘काका, अस्सल सागवान आहे, जरा पॉलिश मारून द्या,’ एवढंच त्यांचं म्हणणं असतं. पॉलिश ही अगदी शेवटची गोष्ट. त्याआधी काय बघायचं ते कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठी काळजी मला रंगाची वाटते. कित्येक घरांत पाळण्याला प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी ऑइलपेंटचा नवा हात दिलेला असतो. वर गुलाबी, खाली हिरवा, त्याखाली पिवळा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त नको, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही पिवळ्या आणि लाल रंगांत, शिसं भरपूर असायचं. दात येताना मूल कठडा चावतं, सुटलेले पोपडे तोंडात घालतं. शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि थोडंसं चालतं असं त्यात काही नाही.

त्याहून वाईट म्हणजे तो रंग खरवडणं. गेल्या हिवाळ्यात एका घरी गेलो तर पडवीत पाळणा आडवा टाकून मुलीचे वडील स्वतःच पॉलिशपेपरनं घासत बसलेले. पाळण्याखाली पिवळसर भुकटीची रांगोळी झालेली आणि दोन हातांवर खुर्ची टाकून मुलगी भाजी निवडत होती. मी आधी तिला आत पाठवलं, मग काम थांबवलं. ती भुकटी श्वासातून आणि हाताला लागून पोटात जाते, आईच्या रक्तातून वारेवाटे बाळापर्यंत पोहोचते. जन्मायच्या आधीच बाळाला विष पाजण्यासारखं आहे हे. जुन्या ऑइलपेंटचा पाळणा घरी घासू नये, त्यावर नवा रंगही चढवू नये, कारण पोपडा निघाला की खालचा थर उघडा पडतोच. ओल्या फडक्यानं पुसून परत माळ्यावर ठेवावा. ज्या पाळण्याला जन्मात रंग लागलेला नाही, नुसता चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात आहे, त्याची गोष्ट वेगळी. तो वापरता येतो, पण पुढचं बघून.

पुढचं म्हणजे गजांमधली फट. जुन्या खरादी कामात गज लांब लांब बसवायची पद्धत होती, शोभा म्हणून. बाळाचं अंग पायांकडून त्या फटीतून घसरतं, डोकं मात्र अडकतं आणि मान लोंबकळते. अमेरिकेत मुलांच्या खाटेसाठी ही फट जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर ठरवलेली आहे. मी सहा सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा पिशवीतच ठेवतो. तो कुठल्याही दोन गजांमधून आरपार गेला की पाळणा नापास. पाइपच्या पाळण्याची जाळीही हात घालून ताणून बघावी. कडेला उसवलेली जाळी म्हणजे मोठी फटच.

माझ्या घरचा पाळणा माझ्या वडिलांनी केलेला, बिनरंगाचा, सागवानी. मुलगी येणार म्हणून तो उतरवला आणि ठोकळा लावून बघितला. सगळीकडे ठीक, पण उशाकडच्या मोराच्या नक्षीच्या दोन्ही अंगांना फट आठ सेंटिमीटर. वडिलांनी मोराला जागा मिळावी म्हणून गज सरकवले होते. मी जुन्याच सागाचे दोन बारीक गज काढून खालून भोक पाडून बसवले. ‘बाबा, मोर झाकला जातोय,’ मुलगी म्हणाली. जातोय थोडासा. पण त्याशिवाय मी त्यात नात ठेवली नसती.

टांगल्यावर तळ सपाट राहतो का, हे तर फार कमी लोक बघतात. साखळीचा एक दुवा कमी-जास्त झाला की पाळणा एका अंगाला कलतो. बाळ त्या बाजूला सरकतं, तोंड कठड्याला टेकतं. तळफळीवर लेव्हल ठेवायची, आडवी आणि उभी, गादी घातल्यावर पुन्हा एकदा. लहान बाळाची हनुवटी छातीला टेकली तरी श्वासाची वाट दबते, आणि ते रडतही नाही. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेली झोपण्याची साधनं विकायलाच बंदी घातली, ती याचसाठी. आपल्या साडीच्या झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं. समोर बसून घटकाभर झोका देणं वेगळं आणि रात्रभर झोळीत झोपवणं वेगळं.

गादी मात्र जुनी नकोच. पाळण्यातली कापसाची गादी मधोमध बसलेली असते, पिंजून घेतली की भुसभुशीत होते. दोन्ही वाईट. बाळ कुशीला वळलं की नाकतोंड त्यात रुततं. नवी, टणक, पाळण्याच्या मापाची शिवून घ्यावी. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटं सहज जाऊ लागली तर ती मापाची नाही. उशी, लोड, मऊ खेळणी, जाड दुपटी काही नको. आमच्या विहीणबाईंनी बाळंतविड्यात मोहरीची उशी प्रेमानं शिवून दिली होती. डॉक्टरांनी वर्षभर उशी नको म्हणून सांगितल्याचं मी त्यांना फोनवर मोकळेपणानं सांगितलं. त्यांनी समजून घेतलं.

हल्ली परदेशातून परतलेल्या कुटुंबांकडे तिकडच्या लाकडी खाटा असतात आणि त्या नात्यात फिरतात. अशीच एक माझ्याकडे आली, एक बाजू वरखाली सरकणारी. दिसायला सुबक, पण सरकपट्टीची प्लास्टिकची खुंटी तडकलेली, दोन स्क्रू गायब, उरलेले तीनदा खोलून त्याच भोकात पिळलेले. ती बाजू खालून निसटली की गादी आणि कठड्याच्या मध्ये खोबण होते आणि बाळ त्यात जाऊन अडकतं. अमेरिकेत अशा खाटांत तीसहून जास्त मुलं दगावल्यावर २८ जून २०११ पासून त्या बनवायला आणि विकायला बंदी झाली. तिथे जे विकता येत नाही ते इथे ‘फॉरेनची खाट’ म्हणून मानानं दिलं जातं. मी ती दुरुस्त करून दिली नाही.

हे सगळं सांगितलं की घरोघरी एकच उत्तर येतं, ‘आमची चार पोरं याच पाळण्यात वाढली.’ वाढली, हे खरंच. पण आमच्या लहानपणी गावात एखाद्या घरचं तान्हं रात्री दूध पिऊन झोपायचं आणि सकाळी उठायचंच नाही. बायका म्हणायच्या, सटवाईनं नेलं, दृष्ट लागली. तो पाळणा, ती गादी, बाळ पालथं होतं का, हे कुणी बघितलं नाही. त्या आईला पुढे त्याबद्दल बोलताही आलं नाही. ती मुलं ‘आमची चार पोरं’ या हिशेबात कधी धरलीच गेली नाहीत. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळाला पालथं झोपवू नका, उताणं किंवा कुशीवर झोपवा असं सांगायला सुरुवात केली, पुढे त्याची मोहीम झाली आणि झोपेतले असे अचानक मृत्यू काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. खर्च काहीच नव्हता. फक्त सांगणं होतं.

आमच्याकडे बारसं वडिलांच्या पाळण्यातच झालं. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, चिमणाळं बांधलं. आता दिवसा, कुणीतरी समोर असताना, नात त्यात झोपते. रात्री मुलीच्या पलंगाला लागून, वेगळ्या सपाट टणक गादीवर, उताणी. हातांवर जोर देऊन उठू लागली किंवा कुशीवर वळू लागली की पाळणा पूर्ण बंद, कारण कठडा तेवढा उंच नाही.

आरोग्य खात्याला एक विनंती आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला बघायला आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात. वजन बघतात, ताप बघतात, नाळ बघतात. बाळ कशात झोपतं हेही त्यांच्या कागदावर एका ओळीत यावं: रंग, फट, उतार, गादी. सोबत सहा सेंटिमीटरचा ठोकळा द्यावा. कुठल्याही आयटीआयच्या सुतारकाम विभागातली मुलं उरल्यासुरल्या लाकडातून असे शेकडो ठोकळे कापून देतील. आमच्या भागात कुणी हे मनावर घेणार असेल तर कापण्याचं काम मी शिकवायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त सुतारकाम निदेशक,
कराड, जि. सातारा